ठाण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगा डोंगर कसा निवडावा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याला डोंगर शोधण्याचे कष्ट नाहीत. घोडबंदर रस्त्यावरून येऊरची रांग दिसते, मुंब्र्याचे कडे लोकलच्या खिडकीशी येऊन उभे राहतात. शोधावी लागते ती अंधार पडण्यापूर्वी खाली उतरवणारी वाट. त्यामुळे निवडीची सुरुवात परतीच्या गाडीपासून करावी.

रेल्वेचे तीन फाटे डोळ्यांपुढे आणले की अर्धे काम होते. कसारा मार्गावर आसनगावला उतरले की माहुली, कर्जत मार्गावर नेरळला उतरले की पेब, आणि ट्रान्स हार्बरने पनवेल गाठले की कर्नाळा व प्रबळगड. स्टेशनापासून पायथ्याच्या गावापर्यंत एसटी किंवा टमटम मिळते; मात्र सकाळी मिळालेली सवारी सायंकाळी मिळेलच असे नाही. उतरतानाच चालकाला परतीची शेवटची खेप विचारावी आणि ती चुकली तर किती चालावे लागेल, हेही मनाशी धरून ठेवावे.

यानंतर चढाचा हिशेब करावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंचीचा फरक. सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ मधील ठोकताळा आजही उपयोगी पडतो. मात्र तो स्कॉटलंडच्या हवेतला आहे. ८५८ मीटर उंचीच्या माहुलीसाठी गावापासून सुमारे सातशे मीटर चढावे लागते; चालण्याचे अंतर धरून या हिशेबाने सुमारे दोन तास निघतात, पण आपल्याकडच्या दमट उन्हात अडीच ते तीन तास धरलेले बरे. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे, कारण गडावरच्या टाक्यांतील पाणी फेब्रुवारीनंतर भरवशाचे राहत नाही.

छायाचित्रांवरून डोंगर निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कलावंतिणीच्या सुळक्यावर कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर रविवारी अक्षरशः रांग लागते, आणि त्या पायऱ्यांवर बाजूला सरायला जागा नसते. शेजारच्या प्रबळगडाच्या विस्तीर्ण, झाडीभरल्या माथ्याकडे मात्र तुलनेने थोडेच लोक वळतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी कर्नाळा उत्तम, कारण पक्षी अभयारण्यातील वाटेवर बराच वेळ सावली मिळते. तेथील अंगठ्यासारख्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात; त्याच्याजवळ धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

वाट चुकण्याचे आपल्याकडचे नेहमीचे कारण म्हणजे ढोरवाटा. पेबला पहिल्यांदा गेलो तेव्हा विजेचे मनोरे मागे पडल्यावर डावीकडची रुंद, मऊ वाट मला जास्त सोयीची वाटली आणि पाऊण तासाने मी डोक्याएवढ्या कारवीत अडकलो. तेव्हापासून पायांखाली पाहून चालतो. गडाची वाट चढावर दगड झिजवत जाते, अवघड जागी तिच्यावर कोणीतरी दगड रचलेले असतात आणि दुर्दैवाने वेफर्सची पाकिटेही पडलेली असतात. ढोरवाट आडवी पसरते, तिला फाटे फुटत जातात, शेणाचे पो दिसतात आणि ती हळूच झुडपात विरते. दहा मिनिटांत एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यावे. ‘पुढे मिळेल’ या आशेवर उतार धरू नये, कारण सह्याद्रीतील घळी पुष्कळदा कड्यावरच संपतात.

ऋतूबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. मार्चपासून उजाडताच चढायला लागावे. पावसाळ्यात प्रशासन अनेक धबधब्यांवर मनाई आदेश काढते, ते आधी पाहावेत. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मुसळधार पावसाच्या दिवसांत उभ्या उतारांखालून जाणाऱ्या वाटा सोडून द्याव्यात. येऊरचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात मोडतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

निघतानाच परत फिरण्याची वेळ ठरवावी. हिवाळ्यात मी दुपारी साडेबारा धरतो आणि माथा शंभर पावलांवर असला तरी वळतो. सकाळी पायथ्याच्या पाड्यावर कोणाला तरी वाट विचारलेली असतेच. उतरल्यावर त्याच अंगणात थांबून ‘दादा, आलो आम्ही’ एवढे सांगून मग टमटम पकडावी, नाहीतर तो माणूस दिवेलागणीला डोंगराकडे पाहत बसतो.