पाँडिचेरीत फ्रेंच जेवण: कुठे जावे आणि काय मागवावे

पाँडिचेरीला जाणाऱ्या बहुतेकांना तेथे फ्रेंच जेवण चाखायचे असते. परंतु पिवळ्या भिंती आणि फ्रेंच पाट्या असलेल्या प्रत्येक वास्तूत स्वयंपाकही फ्रेंच असतो, असे मुळीच नाही. हे शहर १६७४ पासून, मधले डच आणि इंग्रज अमलाचे काही कालखंड वगळता, फ्रेंचांकडे होते आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी त्याचा कारभार भारताकडे आला. या दीर्घ सहवासातून बेकरीतील पाव, हॉटेलांतील फ्रेंच पद्धतीचे जेवण आणि तमिळ ख्रिस्ती घरांत घडलेले क्रेओल (फ्रेंच-तमिळ मिश्र) जेवण, असे तीन प्रकार येथे रुजले. तिन्हींच्या वेळा आणि जागा वेगळ्या असल्याने दिवसाची आखणी त्यानुसार करावी.

सकाळ बेकरीसाठी राखून ठेवावी. बुसी स्ट्रीटवरील बेकर स्ट्रीट ही बेकरी क्रोसाँ (लोण्याचा पापुद्रेदार पाव), ‘बागेत’ (लांब, कडक कवचाचा पाव) आणि कीश (अंडी-सायीचे सारण असलेला खारा पाय) यांसाठी प्रसिद्ध आहे. क्रोसाँ हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागला पाहिजे. तोडताना वरचे पापुद्रे गळावेत आणि आत मोकळी जाळी दिसावी. आतून तो गच्च निघाला आणि खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहिला, तर लोण्याऐवजी मार्जरीन वापरले असण्याची शक्यता मोठी. ‘बागेत’ पावाचे कवच बोटाने दाबताच तडकले पाहिजे. समुद्राकाठच्या दमट हवेत हे कवच दुपारपर्यंत चिवट होते, त्यामुळे सकाळी उत्कृष्ट वाटलेला पाव संध्याकाळी सामान्य लागतो. त्यात बेकरीचा दोष नसतो.

दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासाठी फ्रेंच आणि तमिळ वस्त्या वेगळ्या करणाऱ्या कालव्याच्या पूर्वेकडील जुनी फ्रेंच वस्ती गाठावी. सुफ्रेन स्ट्रीटवरील व्हिला शांती या हॉटेलच्या आतल्या चौकात जेवण्याचा आनंद मोठा आहे. तेथे फ्रेंच पदार्थांबरोबर भारतीय पदार्थही मिळतात, त्यामुळे घरातील ज्येष्ठांना घेऊन जाणे सोयीचे पडते. त्याच रस्त्यावरील कॅफे दे आर्टमध्ये क्रेप (पातळ फ्रेंच धिरडे) आणि कॉफी घेऊन निवांत बसता येते, तर बुसी स्ट्रीटवरील पाले द माहे या हॉटेलात गच्चीवर जेवणाची सोय आहे. शुक्रवार संध्याकाळपासून चेन्नई आणि बंगळुरूचे पर्यटक मोठ्या संख्येने येतात, म्हणून आठवडाअखेरीस जागा आधी राखून ठेवणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंद असते, हेही लक्षात ठेवावे. एकाच मेनूकार्डावर पिझ्झा, नूडल्स, बटर चिकन आणि फ्रेंच पदार्थ अशी गर्दी असेल, तर माझ्या मते तेथे फ्रेंच पदार्थ मागवू नयेत. मोजक्या पदार्थांचे कार्ड अधिक विश्वासार्ह असते.

शाकाहारी वाचकांनी पदार्थाच्या नावावर विसंबून राहू नये. कांद्याचे फ्रेंच सूप पारंपरिक कृतीत गोमांसाच्या अर्कात शिजते, कीश लोरेनमध्ये डुकराचे मांस असते, मूस या फेसाळ गोड पदार्थाच्या काही प्रकारांत जिलेटिन (प्राण्यांपासून मिळणारा घट्ट करणारा पदार्थ) असते आणि स्टेक बहुधा गोमांसाचाच असतो. मागवण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. राताटूई (वांगी-टोमॅटोची मिश्र भाजी) किंवा चीज भरलेला क्रेप हे तुलनेने सुरक्षित पर्याय आहेत, मात्र क्रेपच्या पिठात अंडे असते.

क्रेओल जेवणाकडे पर्यटकांचे दुर्लक्ष होते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण जगात इतरत्र सहज न मिळणारी चव नेमकी तेथेच आहे. यात मिरचीचा जोर कमी असतो, नारळाचे दूध सढळ असते आणि वडवम हा मसाला महत्त्वाचा असतो. त्यासाठी छोटे कांदे, लसूण, उडीद डाळ, मोहरी आणि मेथी एकत्र करून त्यांचे गोळे उन्हात वाळवतात. आपल्याकडील सांडग्यांसारखेच ते साठवून ठेवतात आणि लागेल तेव्हा तेलात परतून वापरतात. हाच मसाला फ्रेंच स्वयंपाकघरांत वादूवाँ म्हणून पोहोचला आहे. फ्रान्समधील मार्से बंदराच्या बुयाबेस या माशांच्या रश्श्याचेही येथे तमिळ मसाल्यातले रूप आहे, आणि फ्रेंच सैन्यातून व्हिएतनामला गेलेल्या कुटुंबांमुळे तेथील तळलेले रोलही या घरांत होऊ लागले. तमिळ वस्तीतील मेझाँ पेरुमाळ या जुन्या वाड्यातील हॉटेलात अशा जेवणाची चौकशी करावी, शक्यतो आदल्या दिवशीच, कारण हे पदार्थ घाईने होणारे नाहीत.

संध्याकाळी समुद्रकाठचा गुबेर अव्हेन्यू वाहनांसाठी बंद होतो. तेथील ल कॅफेमध्ये जेवणापेक्षा कॉफीसाठी बसावे. हाताशी आणखी एक सकाळ असेल, तर ऑरोव्हिल या आंतरराष्ट्रीय वसाहतीजवळच्या कुइलापालयमला जाऊन तेथील बेकऱ्यांतला पाव घ्यावा आणि ऑरोव्हिलमधील ला फेर्म या चीज बनवणाऱ्या केंद्राचे चीज मिळवावे. चीज घरी आणायचे असल्यास मऊ प्रकार टाळून घट्ट, मुरलेला प्रकार निवडावा. दादरहून पुणेमार्गे जाणाऱ्या चालुक्य एक्सप्रेसच्या लांबच्या परतीच्या प्रवासात मऊ चीज टिकत नाही.