पहिली ट्रान्सपोर्ट कंपनी धरताना

हेवी लायसन्स हातात आलं की कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत गाडी मिळते. पगार विचारण्याआधी गाडीचा नंबर विचारा. एमपरिवहन ॲपवर तो टाकला की इन्शुरन्स आणि फिटनेसची मुदत दिसते. यातलं काही संपलेलं असेल तर ती गाडी घेऊच नका. अपघात झाला तर पहिली पकड ड्रायव्हरवर येते.

मग मालाचं विचारा. कोल्हापुरात फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा माल, भरपूर. ते जड असतं, पण जागा थोडी घेतं, त्यामुळे हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि गाडी मात्र ओव्हरलोड असते. म्हणून वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय निघायचं नाही. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर जादा टनामागे 2,000. तो कोण भरणार, हे आधीच ठरवा. दंडापेक्षा मोठा धोका आंबा घाटाच्या उतारावर: जादा वजनाने ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात.

डिझेलचा हिशेब नीट समजून घ्या. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं धरतात का? कमी पडलं तर पगारातून कापतात का? नवे पोरगे इथेच फसतात. भत्ता वेळेवर मिळतो का, हे मालकाला नाही, तिथल्या जुन्या ड्रायव्हरला विचारा.

पहिले दोन महिने जुना ड्रायव्हर सोबत देणारी कंपनी हजार-दोन हजार कमी देत असली तरी तीच धरा. मूळ लायसन्स मात्र कुणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स पुरे.