मुलांना बटण, चेन लावायला शिकवताय? या चुका टाळा

दोन-अडीच वर्षांचं मूल "मी, मी" करत तुमचा हात बाजूला ढकलून शर्टाच्या बटणाशी झटायला लागलं की समजायचं, शिकवायची वेळ आलीये. आणि नेमकं तेव्हाच आपली घाई असते, बाहेर पडायचं असतं, आणि बटण लावणं आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात शिकवण्यासारखं काही आहे हेच डोक्यात येत नाही. मग मूल अडलं की आपण म्हणतो अजून लहान आहे, जमत नाही त्याला. पण बऱ्याचदा अडचण त्या कपड्यात असते, नाहीतर आपण निवडलेल्या वेळेत, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो भागात पहिलं बालघर, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, आणि त्यांच्या पद्धतीत कपडे घालणं-काढणं हे रोजचं काम म्हणून नीट शिकवलं जातं. त्यासाठी ड्रेसिंग फ्रेम असते, म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर समोरासमोर दोन कापडं. एका फ्रेमवर मोठी बटणं, दुसरीवर चेन, तिसरीवर टिचबटणं, मग हुक, बक्कल, लेस असं. एका वेळी एकच अडचण मुलापुढे ठेवायची, हा त्यामागचा विचार. फ्रेम विकतच आणायला पाहिजे असं काही नाही, जुन्या शर्टाचा पुढचा भाग जाड पुठ्ठ्यावर ताणून बसवला तरी काम होतं.

सुरुवात लावण्यापासून करणं. ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळपास सगळे करतात. आधी काढायला शिकवा. काढणं सोपं असतं आणि काढताना बटण काजातून कसं जातं हे मुलाला बोटांनी कळतं. संध्याकाळी कपडे बदलताना कुठे जायची घाई नसते, तेव्हा एकेक बटण काढू दे, तोच सराव. काढणं सहज जमायला लागलं की मग लावण्याकडे वळायचं, आणि तेही शेवटून, म्हणजे बटण अर्धं काजातून तुम्ही बाहेर काढून द्यायचं आणि उरलेलं ओढून घ्यायचं काम मुलाचं. पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळतो ना, मग पुढच्या वेळी थोडं आधीपासून त्याच्याकडे द्यायचं.

भराभर दाखवणं आणि सोबत बोलत राहणं. आपण बटण लावतो तेव्हा नक्की काय करतो हे एकदा स्वतः हळू करून बघा. एक हात बटणाची कड चिमटीत धरतो, दुसरा काजाची कड धरतो, बटण तिरपं करून अर्धं आत सरकवतो आणि मग हातांची अदलाबदल होते, म्हणजे ज्या हाताने काज धरलं होतं तो आता पलीकडून बाहेर आलेलं बटण पकडतो आणि पहिला हात बटण सोडून कापड ओढतो. मुलं अडतात ती बरोबर इथेच. बटण अर्धं आत गेलं की हात सोडून देतात आणि ते परत मागे निसटतं. म्हणून दाखवताना त्या जागी थांबायचं, अर्धं बाहेर आलेलं बटण मुलाला दिसू द्यायचं, मग हात बदलायचा. आणि हे करताना गप्प राहायचं. आपण बोललो की मूल आपल्या तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. बसायचं शेजारी, समोर नको, समोर बसलात तर सगळं उलटं दिसतं.

चुकीचा कपडा. नवा शर्ट, घट्ट काज, चपटी बारीक बटणं, आणि वर बटण कापडाला इतकं आवळून शिवलेलं की खाली बोट जायला जागाच नाही, अशावर मोठ्या माणसाचीही चिडचिड होईल. सरावाचं बटण साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचं घ्या, काज थोडं सैल असू दे, आणि बटण शिवताना दोरा जरा सैल ठेवून त्याच्याभोवती दोन-तीन वेढे द्या म्हणजे बटण कापडापासून थोडं वर राहतं. एवढ्या एका गोष्टीने खूप फरक पडतो, खरंच करून बघा. कापड थोडं जाडसर, न ताणलं जाणारं हवं, होजिअरीचं कापड बोटात गोळा होतं. फक्त बटणाची शिवण पक्की आहे ना हे अधूनमधून ओढून बघत जा, या वयात सुटलेलं बटण सरळ तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं.

चेनचं वेगळं आहे. जॅकेटच्या चेनमध्ये खालचं टोक खोबणीत बसवणं हे सगळ्यात अवघड, ते बरेच दिवस तुम्हीच करा. मुलाने एका हाताने खालची कड घट्ट धरायची आणि दुसऱ्याने वर ओढायचं. खालचा हात विसरला की सगळं जॅकेटच वर येतं. ओढायची पट्टी लहान असेल तर तिला रिबन बांधा. कापड मध्ये अडकलं तर जोर लावायचा नाही, थोडं मागे घ्यायचं, हेही एकदा दाखवून ठेवा.

मधे हात घालणं. बटण एक घर चुकलं तर शेवटी एक बटण आणि एक काज उरतं, आणि ते मुलाला स्वतःला दिसतं. माँटेसरी पद्धतीत यालाच महत्त्व आहे की चूक वस्तूनेच दाखवावी, माणसाने नाही. मुलाने बघितलं आणि सुधारलं तर उत्तम, नाही बघितलं तरी तसंच फिरू दे, काही बिघडत नाही. त्याच्यादेखत सगळं काढून आपण परत नीट लावलं की त्याने केलेलं वाया गेलं असंच त्याला वाटतं. मूल कामात गढलेलं असताना "वा, शाब्बास" पण नको, त्यानेही लक्ष तुटतं. मदत मागितली तर तेवढ्या एका पायरीपुरती द्या आणि हात काढून घ्या.

फ्रेमवर जमतं पण अंगावर नाही, असं बरेच जण म्हणतात. साहजिक आहे, फ्रेम समोर टेबलावर असते, दोन्ही हात मोकळे आणि काज नीट दिसतं, अंगावर मान खाली घालून बघावं लागतं आणि गळ्याजवळचं बटण तर दिसतच नाही. म्हणून अंगावर सुरुवात पोटाजवळच्या बटणापासून करा, गळ्याचं सगळ्यात शेवटी. सैल, पूर्ण उघडणारा शर्ट टीशर्टवरून घालायला दिला तर आणखी सोपं.

वयाची घाई करू नका. वेल्क्रो आणि चेन खाली ओढणं दोनच्या आसपास जमू शकतं, मोठी बटणं तीनच्या आगेमागे, बुटाची लेस बांधणं बहुतेकांना पाच-सहाच्या सुमारास. पाच वर्षं झाली तरी मोठं बटण अजिबात जमत नसेल आणि चमचा, खडू, कात्री यांतही हात अडखळत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला, ते गरज वाटल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवतील.