पदवीधर-शिक्षक निवडणूक: मत बाद करणाऱ्या या चुका टाळा

महापालिकेला आपण यंत्रावरचं बटण दाबतो. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघात कोल्हापूरही येतं आणि तिथे कागदी मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावासमोर पसंतीचा आकडा लिहावा लागतो. स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून नगरसेवक विधान परिषदेचा आमदार निवडतात, तेही असंच. शिकल्यासवरल्या माणसांचं मत एवढ्याशा आकड्यापायी वाया जावं, हे फार लागतं.

बरोबरची खूण किंवा फुली चालत नाही. १ हा आकडा कुठेच नसेल तर मत बाद. ‘एक’ असं अक्षरी लिहिलं तरी बाद, दोघांपुढे १ लिहिला तरी बाद. मराठी, इंग्रजी किंवा रोमन, कोणताही आकडा चालतो. मराठी १ मात्र सावकाश काढा, घाईत तो ९ सारखा दिसतो. आकडा दोन रकान्यांच्या रेघेवर गेला तर तो कुणाचा हेच कळत नाही. सही, नाव, अंगठा काही नको. केंद्रावर दिलेला जांभळा स्केचपेनच वापरा, खिशातलं पेन काढू नका.

“दोन नंबर दिला की आपला माणूस पडतोय” हा समज तर पार चुकीचा आहे. तुमचा १ नंबरचा उमेदवार शर्यतीत असेपर्यंत २ कडे कुणी बघतही नाही.

समजा, वैध मतं १,०००. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, निम्मी अधिक एक, ५०१. अ ला ४३०, ब ला ३५०, क ला २२०. कोटा कुणाचाच नाही, म्हणून क बाद. त्याच्या २२० पत्रिकांवरचा २ बघितला: १४० ब कडे गेल्या, ३० अ कडे आणि ५० जणांनी पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. आता ब ४९०, अ ४६०. कमी मतांचा अ बाद होतो आणि उरलेला एकटा ब निवडून येतो, कोटा न गाठताही. त्या ५० जणांनी अ ला २ दिला असता तर अ ५१० वर जाऊन जिंकला असता.

१ नंतर थेट ३ लिहिला, किंवा दोघांना २ दिला, तर पहिली पसंती मोजली जाते, पण पत्रिका तिथेच संपते. जितके उमेदवार तितके क्रम देता येतात. सक्तीचा फक्त १.

चुकलं तर खाडाखोड नको. पेटीत टाकण्याआधी पत्रिका केंद्राध्यक्षांना परत देऊन दुसरी मागा.

आणि मागच्या वेळी यादीत नाव होतं म्हणून निर्धास्त राहू नका. दर निवडणुकीला यादी नव्यानं होते. नाव नोंदवायचा अर्ज पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. दोन्हीकडे पात्र असाल तर दोन्ही अर्ज वेगवेगळे भरा.