गाडीत बाहेरचं टेम्परेचर चुकीचं दाखवतंय? नवीन सेन्सर घ्यायच्या आधी हे बघा

डिस्प्लेवर -४० दिसलं की बरेच जण लगेच नवीन सेन्सर मागवतात, तो बसवतात, आणि परत -४०. कारण -४० चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की गाडीला सेन्सर सापडतच नाहीये. मग ते सेन्सर आतून तुटल्यामुळे असेल, वायर तुटल्यामुळे असेल, किंवा कनेक्टर नुसता निघून लोंबकळत असेल. चुकीचा आकडा नक्की कुठल्या बाजूला चुकतोय हे नीट बघितलंत तर अर्धं काम तिथेच होतं.

आधी हा सेन्सर चालतो कसा ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आत एक थर्मिस्टर असतो, थंडी वाढली की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि गरम झालं की कमी होतो. दोन वायरी असतात, एक सिग्नलची आणि एक ग्राउंडची, मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) सिग्नलच्या वायरीवर साधारण ५ व्होल्ट देतं आणि त्यातले किती शिल्लक राहतात त्यावरून टेम्परेचर काढतं. आता वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत, म्हणजे गाडीच्या हिशोबाने भयंकर थंडी, म्हणून -४०. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या किंवा सिग्नलची वायर बॉडीला लागली तर रेझिस्टन्स शून्य, म्हणजे भट्टीसारखी गरमी. काही गाड्या अशा वेळी आकडा न दाखवता नुसत्या दोन रेघा दाखवतात.

यात मधले प्रकार पण असतात आणि खरा वेळ तेच खातात. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला असेल तर तो जास्तीचा रेझिस्टन्स होतो, मग टेम्परेचर खऱ्यापेक्षा कमी दिसतं. आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असेल तर दोन पिनांमधून करंट गळतो, मग आकडा जास्त दिसतो. गाडी धुतल्यावर किंवा पावसातच आकडा वर जातो आणि सुकल्यावर आपोआप नीट होतो, अशी तक्रार असेल तर सेन्सर सोडा, कनेक्टर उघडून बघा.

पण त्याआधी एक गोष्ट, ट्रॅफिकमध्ये उभं असताना किंवा गाडी बंद करून थोड्या वेळाने परत चालू केल्यावर आकडा पाच-दहा डिग्री जास्त दिसत असेल तर तो फॉल्टच नाही. रेडिएटर आणि इंजिनची गरम हवा सेन्सरपर्यंत येते. म्हणूनच बऱ्याच गाड्यांमध्ये असं प्रोग्रॅम केलेलं असतं की आकडा खाली लगेच येतो पण वर जायला गाडी ठराविक स्पीडने काही वेळ चालावी लागते. त्यामुळे उभ्या गाडीत सेन्सरवर हेअर ड्रायर मारून डिस्प्ले हलत नाही म्हणून सेन्सर खराब, असा निष्कर्ष काढू नका.

सगळ्यात चांगली टेस्ट फुकटातली आहे. गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा, सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) तीन आकडे बघा, बाहेरची हवा, इंजिनमध्ये जाणारी हवा आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी). रात्रभरात सगळं एकाच टेम्परेचरला आलेलं असतं त्यामुळे तिन्ही आकडे दोन-तीन डिग्रीच्या आत जुळायला हवेत. दोन जुळतात आणि तिसरा एकटाच लांब आहे तर चोर सापडला. इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचा सेन्सर वेगळा असतो बरं का, दोघांची गल्लत करून भलताच पार्ट आणणारे खूप आहेत.

स्कॅनरवर फॉल्टचा कोड असेल तर तोही बघा. पी००७२ म्हणजे सर्किट लो आणि पी००७३ म्हणजे सर्किट हाय. इथे लो-हाय हे व्होल्टेजबद्दल आहे, टेम्परेचरबद्दल नाही, म्हणजे लो आलं तर शॉर्ट आणि डिस्प्लेवर गरम, हाय आलं तर वायर तुटलेली आणि डिस्प्लेवर थंड. पी००७४ आला तर कुठेतरी ढिलं कनेक्शन, कधी लागतंय कधी नाही.

आता हात घालू. सेन्सर बहुतेक वेळा पुढच्या बंपरच्या किंवा ग्रिलच्या मागे असतो, छोटासा काळा तुकडा, एका क्लिपवर अडकवलेला. काही गाड्यांमध्ये साइड मिररच्या खालच्या बाजूला असतो, तिथे मिरर फोल्ड करून करून वायर आतून तुटते, त्यामुळे मिरर हळूहळू उघडबंद करत आकडा उडतोय का ते बघायचं. बंपरचं काम नुकतंच झालं असेल तर पहिला संशय तिथेच घ्या, कनेक्टर लावायचा राहिलेला असतो किंवा क्लिप तुटली म्हणून सेन्सर कुठेतरी मागे कोंबलेला असतो. दोन सावधगिऱ्या, इंजिन गरम असेल तर कूलिंग फॅन अचानक सुरू होऊ शकतो म्हणून गार गाडीवरच काम करा, आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, ते सहसा एअरबॅगचे असतात.

कनेक्टर काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांवर लावा. किती ओहम यायला हवेत ते गाडीप्रमाणे बदलतं, सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी अडत नाही. सेन्सर मुठीत धरा, रेझिस्टन्स हळूहळू आणि सलग खाली यायला हवा. मग भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात फक्त टोक बुडवा, पिना कोरड्या ठेवा, थोडं ढवळा. बर्फाच्या पाण्यात रेझिस्टन्स २५ डिग्रीच्या मानाने साधारण तिप्पट होतो. मध्येच आकडा उडी मारत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर गेला.

सेन्सर ठीक निघाला तर गाडीकडची बाजू. इग्निशन ऑन करून कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा, ५ च्या आसपास यायला हवं. आलं नाही तर लाल प्रोब सिग्नलच्या पिनावर तसाच ठेवून काळा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, आता ५ आले तर ग्राउंडची वायर तुटलीये, तरीही नाही आले तर सिग्नलची वायर तुटलीये, शॉर्ट आहे किंवा मॉड्यूलमध्येच गडबड आहे. मॉड्यूलचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी, वायरिंग पूर्ण तपासल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं फक्त डिस्प्लेवरच्या आकड्यासाठी नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये बाहेर खूप थंडी आहे असं वाटलं की एसीचा कंप्रेसर चालूच होत नाही, त्यामुळे -४० दाखवणाऱ्या गाडीत एसी गार हवा देत नाही आणि लोक गॅस भरत बसतात. एसी बंद पडलाय आणि टेम्परेचर पण विचित्र दिसतंय, तर गॅसच्या आधी हे तपासा.

नवीन सेन्सर लावल्यावर आकडा लगेच बदलला नाही तर घाबरू नका, कोड क्लिअर करा आणि गाडी थोडी मोकळ्या रस्त्यावर चालवा किंवा रात्रभर उभी ठेवा. आणि सेन्सर त्याच्या मूळ ब्रॅकेटमध्येच बसवा, क्लिप तुटली असेल तर केबल टायने बांधा पण रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल अशा जागी.