आधी आकडा मांडा, मग पिंग मारा : कोल्हापुरात नेटवर्किंग शिकताना

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची पोरं भेटली की प्रश्न ठरलेला, ‘दादा, सीसीएनए करू की गेट देऊ?’, म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट की एम.टेक.ची प्रवेश परीक्षा. मी कोल्हापुरात नेटवर्किंग घेऊन एम.टेक. करतोय, म्हणजे मला उत्तर माहीत असणारच असं त्यांना वाटतं. दोन्ही करता येतं. पण त्याआधी एक सवय लावून घ्यावी लागते, आणि ती क्लासात कुणी लावत नाही. कमांड मारण्याआधी उत्तर किती यायला पाहिजे ते कागदावर काढायचं. जुळलं तर पुढे जायचं, नाही जुळलं तर तिथंच तळ ठोकायचा. माझ्या वहीत कामाचं जे काही आहे, ते बहुतेक न जुळलेल्या आकड्यांमागे लागून मिळालेलं आहे.

सगळ्यात सोपं उदाहरण पिंगचं, म्हणजे दुसऱ्या मशिनला छोटं पॅकेट (डेटाचा तुकडा) पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणाऱ्या कमांडचं. कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं साधारण ३८० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. फायबर रस्त्याच्या कडेनंच गेलीय असं धरलं तर जायला १.९ मिलिसेकंद आणि यायला तेवढेच, म्हणजे ३.८. प्रत्यक्षात फायबर वळसे घेते, मध्ये राउटर लागतात, त्यामुळे ८-१० आले तरी तक्रार नाही. पण ४० आले तर? एक तर पॅकेट चेन्नई किंवा दिल्लीला जाऊन मुंबईत येतंय, नाहीतर वाटेत कुठंतरी तिष्ठत बसलंय. यातलं खरं कोणतं हे ओळखायला सरासरी बघू नका, सगळ्यात लहान आकडा बघा. लहानात लहान आकडा अंतर सांगतो. लहान आणि मोठ्या आकड्यांमधली तफावत रांग सांगते. घरापासून अंबाबाईचं देऊळ वर्षभर तेवढंच लांब असतं, पण नवरात्रात दर्शनाला किती वेळ लागेल ते रांगच ठरवते.

ही रांग घरी बघता येते. एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि दुसरीकडून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. १० वर असलेलं पिंग दोनशे-तीनशेवर चढलं, तर राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पॅकेटं साचतायत. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हा रोग चव्हाट्यावर आणला. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही रांग आवरण्याची पद्धत मांडली. तुमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत लिनक्स) चालत असेल तर त्यातलं एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) चालू करून तोच प्रयोग परत करा. दोन्ही आलेख शेजारी चिकटवले की वहीचं एक पान सार्थकी लागलं.

लॅबबद्दल पोरांचा मोठा गैरसमज असतो. राउटर-स्विचचा रॅक हवा, नाहीतर महागडा क्लास हवा, असं वाटतं. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणि त्यावर लिनक्स एवढ्यावर दीड-दोन वर्षांचा अभ्यास निघतो. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं सॉफ्टवेअर सुरुवातीला ठीक आहे, पण ते नेटवर्कची नक्कल दाखवतं. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. एकाच लॅपटॉपात चार-पाच ‘मशिनं’ तयार करायची, आभासी केबलनं जोडायची आणि त्यावर एफआरराउटिंग हे सॉफ्टवेअर टाकून ओएसपीएफ, बीजीपी हे वाट ठरवणारे प्रोटोकॉल चालवायचे. इथं पॅकेट खरं असतं, टीसीपी (डेटा न हरवता पोचवणारा प्रोटोकॉल) खरा असतो. नेटएम वापरून हवा तेवढा उशीर घालता येतो, पॅकेटं पाडता येतात.

पहिला प्रयोग हा करा. लिंक १ गिगाबिटची, उशीर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद आणि विंडो (पोच यायच्या आत पाठवता येणारा डेटा) ६५,५३५ बाइट, म्हणजे जुन्या टीसीपीतली कमाल. आता कागद घ्या. एका फेरीत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट, सेकंदाला दहा फेऱ्या, गुणिले आठ. उत्तर येतं सव्वापाच मेगाबिट. लिंक गिगाबिटची असून! मग आयपर्फ या वेग मोजणाऱ्या टूलनं मोजा. आकडा हुबेहूब जुळणार नाही. का, हे शोधायला सॉकेटचं मॅन पेज (लिनक्समधलं माहितीचं पान) उघडावं लागेल. तिथं लिहिलेलं सापडेल की तुम्ही दिलेला बफर लिनक्स आतल्या हिशेबासाठी दुप्पट करतो. विंडो स्केलिंग (विंडो ६५,५३५ च्या पुढे नेण्याची सोय) १९९२ च्या आरएफसी १३२३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये का आलं, हे या प्रयोगानंतर पाठ करावं लागत नाही. आरएफसीला घाबरू नका, फुकट असतात आणि बऱ्याचशा नोट्सपेक्षा स्वच्छ लिहिलेल्या असतात. टीसीपीसाठी मात्र १९८१ ची ७९३ धरून बसू नका. २०२२ मध्ये तिच्या जागी ९२९३ आली आहे.

आता थोडं घराबाहेर. राजारामपुरीत आत्याकडे गेलो होतो. तिचा मुलगा वैतागलेला. एक साईट घरच्या इंटरनेटवर उघडत नव्हती, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लगेच उघडायची. बाकी सगळं सुरळीत. ‘साईटच गंडलीय रे’ असं त्याचं म्हणणं. वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर टीसीपीचा हँडशेक (जोडणीची सुरुवात) पूर्ण होत होता, ब्राउझरचा क्लायंट हॅलो (सुरक्षित जोडणीचा पहिला निरोप) जात होता, आणि सर्व्हरकडून आलेल्या उत्तराचा फक्त शेपटाकडचा लहान तुकडा पोचत होता. त्याच्यासमोर वायरशार्कनं लिहिलेलं, ‘प्रीव्हियस सेगमेंट नॉट कॅप्चर्ड’, म्हणजे याच्या आधीचा तुकडा दिसलाच नाही. लहान पॅकेट येतं आणि मोठं येत नाही, असं दिसलं की एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, हिशेब काढायचा.

इथरनेटचा एमटीयू १५००. घरचं कनेक्शन पीपीपीओईवर (लॉग-इन करून जोडायच्या पद्धतीवर) असलं की त्यातले ८ बाइट जातात, उरतात १४९२. पिंगमध्ये तुकडे न करण्याची खूण लावून मोजायचं. आयपी आणि आयसीएमपी (पिंग आणि अडचणीचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) यांच्या हेडरचे मिळून २८ बाइट वजा केले तर १४६४ चं पिंग जायला हवं आणि १४७२ चं अडायला हवं. तसंच झालं. सर्व्हर १५०० ची पॅकेटं पाठवत होता. प्रोव्हायडरच्या टोकाला ती अडत होती. नियमाप्रमाणे तिथून सर्व्हरला ‘पॅकेट मोठं आहे, लहान कर’ असा आयसीएमपी निरोप जातो. पण सर्व्हरच्या बाजूला कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलं असणार, म्हणजे निरोप पोचणार कुठून? मुळात घरच्या राउटरनं टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) १४५२ वर आणायला हवा होता, त्यानं तेही केलं नव्हतं. ते सेटिंग चालू केलं आणि साईट उघडली. आतेभाऊ म्हणाला, ‘नाद खुळा!’ मला जास्त आनंद कागदावरच्या १४६४ चा झाला होता. आयसीएमपी सरसकट बंद करणाऱ्यांना नेटवर्कवाले म्हणायचं की नाही, यावर मी कट्ट्यावर कितीही वेळ वाद घालू शकतो.

फायबरचं पुस्तकी ज्ञान मला होतं, पण ते अंगवळणी पडलं ते आमच्या भागात जॉइंट मारणाऱ्या एका दादांमुळे. केबल टीव्हीच्या काळापासून ते याच धंद्यात. मी त्यांच्या मागं मागं फिरलो, शिडी धरली. जीपॉनचा (एक फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीचा) हिशेब मी वहीत मांडला होता. ओएलटीतून (प्रोव्हायडरकडच्या यंत्रातून) प्रकाश निघतो समजा अधिक ३ डीबीएमनं (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप). प्रकाश आठ वाटांत वाटणारा एक स्प्लिटर साडेदहा डीबी खातो, असे दोन म्हणजे २१. तीन-चार किलोमीटर तार आणि कनेक्टर मिळून अडीच-तीन. घरात पोचायला हवेत उणे २१ च्या आसपास. ‘दादा, इथं पॉवर किती यायला पाहिजे?’ असं विचारलं. त्यांनी मीटरकडे न बघताच सांगितलं, ‘वीस-एकवीस येतंय. पंचवीस आलं की कुठंतरी वाकलंय म्हणून समजायचं. सत्तावीसच्या खाली गेलं की लागलंच लाल लाईट.’ कॉलेजचं तोंड न बघता हा माणूस माझ्याच वहीतलं कोष्टक डोक्यात घेऊन फिरत होता. हिरवा कनेक्टर निळ्यात घालायचा नाही, हेही त्यांनीच दटावून सांगितलं. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. नवख्यांनी अशा एखाद्या माणसाबरोबर आठवडाभर तरी फिरावंच. चहा आपण पाजायचा.

आणखी एक जागा म्हणजे एमआयडीसी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्री आणि मशिन शॉप भरपूर आहेत, आणि आता सीएनसी (संगणकानं चालणारी) मशिनसुद्धा नेटवर्कवर असतात. एका कारखान्यात अचानक सगळं ठप्प झाल्याचं बघायला मिळालं. स्विचचे सगळे लाईट एकसाथ, पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. हे दृश्य एकदा बघितलं की विसरत नाही. साफसफाई करताना लोंबणारी केबल कुणीतरी त्याच स्विचच्या मोकळ्या पोर्टात खोचली होती, म्हणजे लूप, दोन्ही टोकं एकाच स्विचात. आयपी पॅकेटला टीटीएल (उरलेल्या आयुष्याचा आकडा) असतो, दर राउटरला एकानं कमी होऊन ते शेवटी मरतं. इथरनेट फ्रेमला तशी सोय नाही, ती फिरतच राहते. यावरचा स्पॅनिंग ट्रीचा (लूप ओळखून एक वाट बंद ठेवण्याचा) उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच दिला, पण साध्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये तो नसतो. सगळा कारखाना एकाच सपाट नेटवर्कवर असेल तर ऑफिसातली एक केबल मशिन शॉप बंद पाडते. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली आभासी नेटवर्क) का करायचे ते मला परीक्षेच्या उत्तरापेक्षा तिथं नीट कळलं.

वहीबद्दल थोडं. मी पानाचे तीन भाग करतो : काय यायला हवं होतं, काय आलं, आणि त्यावरून मला काय वाटतं. शेवटचे दोन कधी एकत्र लिहायचे नाहीत. ‘डीएनएस (साईटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बंद पडला’ हे मत झालं. ‘५३ पोर्टवर प्रश्न गेला, पाच सेकंद उत्तर नाही’ हे निरीक्षण. नुसत्या कमांडींची यादी उतरवू नका, ती कुठंही मिळते. कॅप्चर फाइलला तारीख आणि जागा असलेलं नाव द्या. आणि हो, वायरशार्क स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवरच लावायचं. हॉस्टेलच्या वायफायवर दुसऱ्यांचं काय चाललंय ते बघण्याची खुमखुमी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसू शकते. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. कॅप्चर फाइल मित्राला पाठवतानाही आत कुकी आणि पासवर्ड नाहीत ना, ते बघा.

एम.टेक.ला यायचं असेल तर गेट द्या. पात्र ठरून मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड असतो, आणि कोल्हापुरात त्यात राहणं-खाणं भागतं. प्रबंधाचा विषय मात्र जपून घ्या. एओडीव्हीत (वायरलेस नेटवर्कमध्ये वाट शोधणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) किरकोळ बदल करून एनएस-२ या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर आलेख काढायचे, अशा प्रबंधांनी ग्रंथालयाची कपाटं भरली आहेत. एओडीव्हीची आरएफसी २००३ ची, आणि एनएस-२ च्या जागी एनएस-३ येऊनही २००८ पासूनचा काळ लोटला. गाईड सर हाच विषय सुचवतील, कारण तो वेळेत संपतो. त्यांना नम्रपणे सांगा, ‘सर, मला खऱ्या नेटवर्कवर मोजायचंय.’ बफरब्लोट, आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत), घरगुती राउटर, सीजीनॅट (अनेक ग्राहकांत एकच पत्ता वाटण्याची प्रोव्हायडरची पद्धत), कितीतरी आहे. सीजीनॅट तर तुमच्या घरीच असेल. राउटरच्या वॅन (प्रोव्हायडरकडच्या) बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होतो का बघा.

राहिलं सीसीएनए. एनओसी (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र) किंवा सिस्टिम इंटिग्रेटर (कंपन्यांची नेटवर्क उभारून देणारी फर्म) यांच्याकडे नोकरी हवी असेल तर ते करा, सीव्ही चाळणाऱ्याला ते तीन-चार शब्दांत कळतं. नेटवर्किंगचं सॉफ्टवेअर लिहायचं असेल तर तोच वेळ सी भाषा आणि लिनक्स कर्नलला द्या. मुलाखतीत दोन्हीकडे एक प्रश्न हमखास येतो : ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय काय होतं? इंग्रजीत बोलायची धास्ती असेल तर स्वतःचंच एक कॅप्चर उघडून एकेक पॅकेट आरशासमोर मोठ्यानं समजावून सांगा. समोर पॅकेट असलं की वाक्यं सुचतात. पुण्या-बेंगळुरूच्या एनओसीत पहिलं वर्ष रात्रपाळीचं आणि तिकिटं (नोंदलेल्या तक्रारी) पुढे ढकलण्याचं असू शकतं. म्हणून ऑफर हातात आली की पगाराबरोबर हेही विचारा, ‘राउटरवर लॉग-इन किती महिन्यांनी मिळतं?’