स्ट्रॅटेजी गेमची एनर्जी सिस्टीम बनवताय? या चुका टाळा

बहुतेक जण जनरेटर किती एनर्जी देणार, टँकला किती लागणार असे आकडे शीटमधे भरण्यापासून सुरुवात करतात. माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यात आधी एनर्जी कमी पडली की नेमकं काय होणार हे ठरवा. सगळं सुरळीत चालू असताना प्लेअरचं एनर्जीकडे लक्षही नसतं, त्याला ती जाणवते तुटवड्यातच, आणि टेस्टिंगमधले बहुतेक घोळही तिथेच निघतात.

बेस एकदा पडला की उठतच नाही

सगळ्यात घातक चूक हीच. समजा प्रॉडक्शन १०० आणि मागणी १२०, म्हणजे सगळं ८३ टक्के स्पीडने चालणार. इथपर्यंत ठीक. पण पॉवर प्लांटला कोळसा पुरवणारी खाण पण त्याच विजेवर चालत असेल तर तीही ८३ टक्क्यांवर येते, प्रॉडक्शन १०० वरून ८३ होतं, मग स्पीड ६९ टक्के, मग ५८, आणि बघता बघता सगळा बेस अंधारात. फॅक्टोरिओ हा कारखाने उभारायचा गेम खेळलेल्यांना हे माहितीये, बॉयलरमधे कोळसा टाकणारे इन्सर्टर (माल उचलून ठेवणारे यांत्रिक हात) विजेवरचे असले की हाच प्रकार होतो, म्हणून तिथे स्वतःच कोळसा जाळून चालणारा बर्नर इन्सर्टर लावतात. तुमच्या गेममधेही अशी एक सुटकेची वाट हवीच हवी: इंधन साखळीला एनर्जीमधे पहिला नंबर द्या, किंवा मुख्य इमारतीतून थोडी एनर्जी कायम फुकट येत राहू दे, किंवा प्लेअरला एका क्लिकमधे इमारती बंद करता येऊ देत. यातलं काहीच नसेल तर एका चुकीवर मॅच संपते आणि प्लेअरला कळतही नाही की आपण हरलो कुठे.

एनर्जी म्हणजे दुसरं मेटल

टँकला ५० मेटल आणि ३० एनर्जी, फॅक्टरीला २०० आणि १००, असं नुसतं किमतीच्या लेबलवर दोन आकडे टाकले तर एनर्जीला वेगळं काम काय उरलं? टोटल अ‍ॅनिहिलेशन (१९९७) मधे बांधकामाला एनर्जी लागतेच पण रडार आणि क्लोकिंगही (युनिट अदृश्य करणं) ती सतत खात राहतात, म्हणजे आत्ता लपून राहायचं की बांधकाम ओढायचं हा निर्णय प्लेअरला घ्यावा लागतो. कमांड अँड कॉन्कर (१९९५) मधे एनर्जी साठतच नाही, नुसता पुरवठा आणि मागणीचा हिशोब, आणि पॉवर कमी पडली की रडार जातं आणि ऑबेलिस्क हा लेझर टॉवर गप्प होतो, म्हणून शत्रू मुद्दाम पॉवर प्लांट शोधत येतो. स्टारक्राफ्टमधे (१९९८) प्रोटॉस जमातीचा पायलॉन (आसपासच्या इमारतींना पॉवर देणारी इमारत) फोडला आणि आसपास दुसरा नसला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या तोफा बंद. तिन्ही पद्धती वेगळ्या, पण तिन्हींमधे समोरच्याला हल्ला करायला ठोस जागा मिळते. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच राहून जातो.

परतफेडीचा वेळ न मोजणं

प्लांट बांधायला ६०० एनर्जी लागते आणि तो सेकंदाला २० देतो, म्हणजे ३० सेकंदात वसूल. २० मिनिटांच्या मॅचमधे हे फारच स्वस्त आहे, सगळे डोळे झाकून प्लांटच बांधत सुटतील. उलट वसुलीला १५ मिनिटं लागली तर त्याला कोणी हात लावणार नाही. बांधकामाचा वेळ पण यात धरायला विसरू नका.

प्लेअरला फक्त साठा दाखवणं

स्क्रीनवर नुसतं ‘४०००’ दिसत असेल आणि खर्च सेकंदाला १०० ने जास्त असेल तर ४० सेकंदांनी धक्का बसणार. साठ्याशेजारी उत्पन्न, खर्च आणि फरक दाखवा, बंद पडलेल्या इमारतीवर ठळक खूण टाका. आणि सुरुवातीची साठवण फार मोठी ठेवू नका, तिच्यामुळे तुटवडा खूप उशिरा लक्षात येतो.

कोडमधल्या भानगडी

शील्ड सारखी चालू-बंद होतेय? ती बंद झाली की मागणी उतरते, एनर्जी पुरते, शील्ड परत चालू, परत कमी. दोन वेगळ्या मर्यादा ठेवा, म्हणजे पुरवठा मागणीच्या ९५ टक्क्यांखाली गेला तर बंद, पण परत चालू करताना शील्डची मागणी धरूनही थोडी शिल्लक राहतेय का ते बघायचं. काही इमारती कायम उपाशी आणि काही पूर्ण स्पीडने चालत असतील तर लिस्टमधली पहिली इमारतच सगळं उचलत असणार. आधी सगळ्यांची मागणी गोळा करा, मग प्रमाण काढा, मग वाटा. हिशोब फ्रेमवर करू नका, ठरलेल्या टिकवर (सिम्युलेशनच्या ठराविक वेळाच्या टप्प्यावर) करा, नाहीतर फास्ट मशीनवर इकॉनॉमी वेगळी चालेल. आणि मल्टिप्लेअरमधे प्रत्येक मशीन स्वतः सिम्युलेशन चालवत असेल तर दशांश टाळून पूर्णांक वापरा, १ एनर्जी म्हणजे आत १००० धरायची, फ्लोटच्या (दशांश आकड्यांच्या) बारीक फरकाने पण डीसिंक होऊ शकतो, म्हणजे प्रत्येक मशीनवर गेम वेगळा चालू लागतो.

हे सगळं झालं की एक टेस्ट न चुकता करा: चालू मॅचमधे अर्धे पॉवर प्लांट अचानक उडवा आणि प्लेअरला सावरायला किती वेळ लागतो ते मोजा. तो आपोआप सावरला तर तुटवड्याला काही किंमतच नाही, आणि काहीही केलं तरी सावरला नाही तर परत खाणीपासून बॉयलरपर्यंतची साखळी तपासा.